दाराबाहेरचा म्हातारा कुत्रा

१४ डिसेंबर

टिटवे,

तुझा सिनेमा पाहिला. आधी सिनेमाचं सांगते आणि मग बाकीचं, नाहीतर माझं नेहमीचं होईल, सुई माझ्या हातात आणि दोरा शेजारणीकडे.

रविवारी दुपारी लागला. नातीचा आवाज टीव्हीतून येणार म्हटल्यावर एकटी कशी बसू? शेजारच्या नर्सबाईंना हाक मारली. त्यांच्या मागून कोपऱ्यावरचे कुलूपवाले आले, आणि कुलूपवाले आले म्हणजे त्यांचा खिळा आलाच. खिळा म्हणजे त्यांचा कुत्रा, तू गेल्यावर आणलाय. एकदा बसला की ठोकल्यासारखा बसतो म्हणून खिळा. गल्लीत बँड वाजला तरी कान हलवत नाही. कुलूपवाले म्हणतात, राखणीला आणला होता, आता मीच त्याची राखण करतो.

नर्सबाईंना आधी समजावलं. म्हटलं, सिनेमा परदेशचा, नटी परदेशची, तिचं तोंड तिच्या भाषेत हलतं आणि त्याच्यावर आपल्या भाषेतलं बोलणं बसवतात. ते बोलणं आमच्या टिटवीचं. त्या म्हणाल्या, "म्हणजे तोंड परकं आणि कवळी आपली." चाळीस वर्षं दवाखान्यात काढलेली बाई, तिला दुसरं काय सुचणार!

आता गोष्ट. नटी शहरातल्या कचेरीतली. साहेब तिला बर्फाच्या गावाला धाडतो, की तिथलं बेवारशी कुत्र्यांचं घर नाताळाच्या आत बंद करून ये. तिथे एक दाढीवाला कुत्री सांभाळत असतो. तो नुसता दारात आला तर नर्सबाई म्हणाल्या, "झालं. लग्न." मी म्हटलं, अहो, त्याला नाव तरी सांगू द्या! पण खरंच, त्या घटकेला कळतं पुढे काय होणार ते. हा दोष म्हणावा की गुण, माझं काही ठरत नाही. कुलूपवाले दोष म्हणतात. मला विचारशील तर या वयात पुढे काय होणार ते कळलेलं बरं वाटतं.

दोष दुसरेच. घरभर कुत्री आणि केर काढणारं कुणी नाही. ओली कुत्री गादीवर चढतात आणि नटीच्या पांढऱ्या कोटाला एक केस चिकटत नाही. दर थोड्या वेळाने कुणीतरी कुणाला तरी वाफाळता कप देतं आणि कुणीच पीत नाही. कप रिकामे असणार गं. भरलेला कप माणूस असा उचलत नाही, जरा जपून उचलतो. आणि कोटाचं वरचं बटण! मी जन्मभर शिंप्याकडे काजं केली, मला बटणांशिवाय दिसणार काय? घरातून निघाली तेव्हा उघडं, फाटकाशी पोचली तर लागलेलं, दाढीवाल्यापाशी गेली तर पुन्हा उघडं. काज मात्र हातचं होतं. कडेचे टाके असे एकाला एक चिकटून, की उठून टीव्हीजवळ जाऊन बघितलं. कुलूपवाले म्हणाले, "आजी, बाजूला व्हा, दाढीवाला दिसत नाही." म्हटलं, दाढीवाला पुढच्या वर्षीही येईल, असं काज यायचं नाही.

बोलणं आणि ओठ यांचंही थोडं तसंच. काही ठिकाणी तोंड मिटतं आणि बोलणं चालूच, बटण मोठं आणि काज लहान. तो दोष लिहिणाऱ्याचा. नटीचं बोलणं स्वच्छ आहे. इस्त्री केल्यासारखं.

आणि गुण सांगू? त्या सिनेमात कुणी वाईट नाही. साहेबसुद्धा शेवटी एक पिल्लू कोटात घालून नेतो. अशी माणसं नसतात हे मला कळतं, दुसरी पास असले तरी. पण दोन तास तसल्या घरात बसून आलं की धुतलेल्या चादरीवर अंग टाकल्यासारखं वाटतं.

आता खरी गोष्ट, जिच्यासाठी कागद काढला. तो म्हातारा कुत्रा. पांढऱ्या भुवयांचा. नटी आणि दाढीवाला आत भांडत असतात आणि तो बाहेर बर्फात राहतो. दार बंद. आधी तो काहीच करत नाही. मग नाकातून एक बारीक सूर काढतो, थांबतो, जणू कुणी ऐकलं का ते बघतो, आणि परत काढतो. रडणं नव्हे ते. "मी इथे आहे बरं का, पण तुम्हाला वेळ असेल तरच," असं. 

माझ्या कानांचं तुला माहीत आहे. यंत्र लावलं तरी शब्द माझ्यापर्यंत फाटून येतात. म्हणून तर फोन नको, पत्र लिही म्हणते. फोनवर तू म्हणजे डब्यात कोंडलेल्या माश्या. पण शब्द नसले की मला सगळं ऐकू येतं.

आणि खिळा उठला! टीव्हीकडे गेला नाही, माझ्या दाराकडे गेला, खऱ्या दाराकडे, आणि पंज्याने खरवडायला लागला, की उघडा, बाहेर कुणीतरी आहे. त्याआधी तासभर पडद्यावर एवढी कुत्री नाचली, त्याने डोळा उघडला नव्हता. कुलूपवाले बघतच राहिले.

तो म्हातारा कुत्रा कोण, ते विचारून कळव. त्याला माझा आशीर्वाद सांग.

तुझी,
आजी


१८ डिसेंबर

प्रिय आजी,

तुझं पत्र स्टुडिओत नेऊन वाचलं. स्टुडिओ म्हणजे काय, तर एक खोली, भिंतींना स्पंज, मध्ये एक माइक, आणि काचेपलीकडे आमचे साहेब, ज्यांच्या हाताखाली सगळे आवाज होतात. त्यांना तुझं बटणांचं वाचून दाखवलं. हसून हसून त्यांची खुर्ची मागे गेली. म्हणाले, पुढचा सिनेमा आधी तुझ्या आजीला दाखवू. कप खरंच रिकामे असतात.

म्हाताऱ्या कुत्र्याचं विचारलंस. तो एक नाही, दोन आहेत. एक नुसता पडून राहायला आणि एक चालायला. दुसऱ्याच्या भुवया रंगवलेल्या. आवाजाचं म्हणशील तर कुत्र्यांचे आवाज तिकडूनच तयार येतात, इथे कुणी काढत नाही. त्यामुळे तुझा आशीर्वाद कुणाला पोचवायचा ते मला समजत नाही.

नटीबद्दल मात्र तू एकच ओळ लिहिलीस. आवडली नाही का? शेवटी ती कुत्र्यांच्या घराच्या पायऱ्यांवर उभी राहून मोठं बोलते, ते ऐकलंस ना? सगळे त्याचंच कौतुक करतात.

आजी, हे मी का विचारते ते तुला सांगते. बाबांचं पत्र आलंय. मामाच्या लिफ्ट कंपनीत फोनवर तक्रारी घेण्याची जागा रिकामी आहे. कुणाची लिफ्ट अडकली, कुणाचं दार लागत नाही, ते लिहून घ्यायचं आणि माणूस पाठवायचा. बाबा लिहितात, "तिथेही आवाजाचंच काम आहे की." महिनाअखेरीस मामाला हो किंवा नाही कळवायचंय. मागेही त्यांनी लिहिलं होतं, वर्षभर तू गर्दीतलं "अरे बापरे" आणि "चला चला" करतेस, तोंडभर बोलायला एकदा तरी मिळालं का? म्हणून नटीचं मी त्यांना लगेच कळवलं.

रविवारी सिनेमा पुन्हा लागणार आहे. बाबांना तुझ्याकडे बोलव ना. आणि नटी चांगली झाली असं तू सांग. माझं नाही, पण तुझं ऐकतात. मला इथून जायचं नाही गं. या स्पंजाच्या खोलीत मला जेवढं बरं वाटतं तेवढं कुठेच वाटत नाही.

तुझी,
टिटवी


२२ डिसेंबर

टिटवे,

तुझा बाप आला होता. बोलावलं तर म्हणाला, "आई, मला कुत्र्यांच्या सिनेमाला वेळ नाही." मग आला तो आधीच्या बातम्यांपासून. ठेवणीतला शर्ट घालून आला! खुर्ची पुढे ओढली आणि हाताची घडी घालून बसला, जसा लिफ्टची तपासणी करायला जातो ना, कुठे खडखडतंय ते ऐकत, तसा.

नटीने तोंड उघडलं की त्याची मान पुढे. नर्सबाई म्हणाल्या, "केवढं स्पष्ट बोलते हो तुमची मुलगी!" तो म्हणाला, "हं." थोड्या वेळाने माझ्या कानाशी येऊन, "आई, हिचा आवाज एवढा गुळगुळीत कधी झाला?" मी यंत्राला बोट लावलं आणि ऐकू न आल्यासारखं केलं. बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग असावा माणसाला.

मग मधेच उठला. परत येऊन बसला, पण चहा तसाच राहिला. सिनेमा संपला तसा चपला घालून गेला, बोलला काही नाही. तुझा बाप आहे तो. त्याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे ओल्या दोऱ्याने सुई ओवायची.

या वेळी मी आणखी एक दोष पकडला. नटीची आई. बाई साऱ्या सिनेमात नुसती खिडकीतून हसते. एवढी मोठी मुलगी परक्या गावात कुत्र्यांमागे पळते, आणि हिला एक प्रश्न पडू नये? मला खिडकीत उभं केलं असतं तर मी पहिल्या पंधरा मिनिटांत दाढीवाल्याला त्याच्या सात पिढ्या विचारल्या असत्या. सिनेमा तिथेच संपला असता म्हणा. आणि एक गुण: दाढीवाल्याचे हात. कुत्र्याचा पाय तो खालून तळहातावर घेतो, वरून धरत नाही. ते कुणी शिकवून येत नाही. तो माणूस खरंच कुत्रेवाला असला पाहिजे.

आता एक आनंदाची बातमी. नर्सबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. आमचं वाचनालयातलं दुपारचं मंडळ आहे ना, जिथे मी मासिकातली चित्रं बघते आणि बाकीच्या वाचतात, तिथे जानेवारीतल्या दुसऱ्या रविवारी तुझा कार्यक्रम. सिनेमातल्या नटीचा आवाज प्रत्यक्ष! तू ते पायऱ्यांवरचं बोलणं सगळ्यांसमोर म्हणायचंस. फळ्यावर लिहूनसुद्धा झालं. ग्रंथपालबाईंनी खडूने नटीचं चित्र काढलंय, कोटाला बटणंच नाहीत.

मी नर्सबाईंना म्हटलं, आधी टिटवीला विचारू. त्या म्हणाल्या, विचारायचं काय, लाजेल आणि येईल. तू काय ते कळव. मला मात्र त्या म्हाताऱ्या कुत्र्याचंच ऐकायला आवडलं असतं. पण तो तिकडूनच तयार येतो म्हणतेस, तर राहिलं.

तुझी,
आजी


२६ डिसेंबर

आजी,

मी येऊ शकत नाही. म्हणजे कार्यक्रमाला. आणि खरं ते आता लिहूनच टाकते, कारण बाबा मधेच उठून गेले हे वाचलं आणि कळलं, त्यांनी ओळखलं.

नटीचा आवाज माझा नाही.

मी तिच्यासाठी आवाजाची चाचणी दिली होती. साहेबांनी ऐकून सांगितलं, आवाजात खरखर आहे, नटीला चालणार नाही. तेव्हाच बाबांचं पत्र आलं होतं, की मोठं काम मिळालं का. मी उत्तरात "चाचणी चांगली झाली" लिहिलं. त्यांनी "मिळालं?" विचारलं, मी "हो" लिहिलं. झालं. मग तुला तेच, आईला तेच.

कुत्री मी केली, आजी. सगळी. एरवी कुत्र्यांचे आवाज तिकडूनच तयार येतात, ते खोटं नव्हतं. माणसांचं बोलणं वेगळं येतं आणि दारं, गाड्या, जनावरं वेगळी. या वेळी त्यांची काहीतरी गडबड झाली आणि कुत्री बोलण्यातच मिसळून आली. आपण परदेशी बोलणं पुसलं तशी कुत्रीही पुसली गेली. पडद्यावर एवढी कुत्री उड्या मारतात आणि सगळी मुकी. साहेब डोक्याला हात लावून बसले. गंमत म्हणून मी एकदा भुंकून दाखवलं. मग दोन दिवस मीच भुंकत होते. पिल्लं, मोठी, पाणी पिणारी, अंग झटकणारी. पाणी पिण्याचा आवाज बशीतून काढला. माझ्या सोबतिणी, ज्या नटीची आई आणि दुकानदारीण झाल्या, त्या मला बिस्किट टाकायच्या आणि म्हणायच्या, "बस!"

दाराबाहेरचा तुकडा शेवटी केला. तेव्हा मी कुत्र्याचा विचारच केला नाही. काय करायचं ते सुचेना, म्हणून डोळे मिटले, आणि कुठून कोण जाणे, तो सूर आला. एकदाच केला. काचेपलीकडे साहेबांनी चष्मा काढून ठेवला होता. मला वाटलं, चुकलं.

तर ही तुझी नटी. नावांच्या पाटीत "इतर आवाज" असं येतं, त्यात मी. बाबांनी माझा आवाज शोधायला सबंध सिनेमा कान लावला, सापडला नाही, आणि उठून गेले. आता कुठल्या तोंडाने सांगू, की सापडला नाही कारण मी भुंकत होते?

त्यांना सांग, मी येते. मामाला हो म्हणा. लिफ्टच्या तक्रारी घेईन. नर्सबाईंना सांग, टिटवीचा घसा बसलाय.

टिटवी


२९ डिसेंबर

टिटवे, टिटवे,

आधी पाणी पी. मग वाच. सावकाश वाच, कारण मीही सावकाश लिहिते आहे.

मला पहिल्या रविवारीच कळलं होतं. नटीचं बोलणं तुझं नाही हे तिने दारात पाय ठेवला तेव्हाच कळलं. इस्त्री केलेलं आहे असं लिहिलं होतं ना मी? तुला जन्मात कधी इस्त्री केलेलं काही शोभलंय? आणि कुत्रा तू आहेस हे त्याने दुसऱ्यांदा सूर काढला तेव्हा कळलं. पहिला कुणाचाही असू शकतो. पण मधे थांबून ऐकणं, कुणाला ऐकू गेलं का ते, ते फक्त तुझं.

आठवतं का? तू एवढीशी होतीस. आई ओरडली की रागावून घराबाहेर जायचीस आणि पायरीवर बसायचीस. रडायची नाहीस, अपमान होतो ना! नुसता नाकातून असाच बारीक सूर, मग थांबायचं, मग पुन्हा. आई म्हणायची, बसू दे. मी म्हणायची, बसू दे. आणि तुझा बाप, ज्याला घरात दुसरं काही ऐकू येत नाही, तो हातातलं काम टाकून उठायचा आणि दार उघडायचा. दर वेळी. तू तोंड फिरवून आत यायचीस, त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाहीस.

आता ऐक. तो मधेच उठला एवढंच मी लिहिलं. अर्धंच लिहिलं. पण तू नटी असल्याचं धरून बसलीस, मग मी कुत्र्याचं पुढे कसं लिहिणार? तो उठून गेला नव्हता. म्हातारा दाराबाहेर कण्हायला लागला, खिळा उठून माझ्या दाराशी गेला, आणि त्याच्या मागोमाग तुझा बाप उठला. खिळ्याला बाजूला सारलं आणि दार उघडलं. माझं खरं दार, गल्लीतलं. माणूस दार उघडलं की समोर बघतो, टिटवे. तो खाली बघत होता. पायरीकडे.

तिथे कुणी नव्हतं. थोडा वेळ उभा राहिला, मग म्हणाला, "हवा येऊ दे जरा." येऊन बसला तो चहाकडे बघितलंच नाही. नर्सबाईंनी मला कोपराने ढोसलं, मी त्यांना ढोसलं, आणि पुढचा सिनेमा काय झाला ते आम्हा तिघांनाही माहीत नाही. खिळा मात्र जाऊन झोपला. त्याचं काम झालं होतं.

तुझं पत्र काल आलं. रागावू नकोस, मी ते तुझ्या बापाला दिलं. तू "त्यांना सांग" लिहिलंस, मी काय एवढं सगळं तोंडाने सांगत बसू? खिडकीशी उभं राहून वाचलं, घडी घातली, आणि म्हणाला, "म्हणजे तीच होती." एवढंच. मला वाटलं आता तरी काही बोलेल. तर बापपणा जागा झाला. म्हणे, "आई, माझ्या मुलीने कुत्र्यांचे आवाज काढायचे? लोकांना सांगू काय?"

मी म्हटलं, "का रे, नटीच्या बोलण्याला तू उठलास का? पायऱ्यांवर उभी राहून ती बया एवढं मोठं बोलली, तेव्हा तू नखं बघत होतास."

"खोटं का लिहिलं तिने?"

"तू विचारलंस म्हणून. मिळालं का, मिळालं का, असं दार बडवलं की आतला माणूस काहीतरी ओ देतोच."

मग म्हणाला, "मामाला काय सांगू?"

म्हटलं, "अडकलेल्या लिफ्टच्या तक्रारी घ्यायला माणसं मिळतील. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी भर दुपारी लिफ्टवाल्याला खुर्चीतून उठवणारी एकच आहे."

हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. पत्र खिशात घालून गेला. मला परत मागायची सोय ठेवली नाही, म्हणून तुझ्या पत्राचं आठवून आठवून उत्तर देते आहे.

लोक म्हणतात, टिटवीनेसुद्धा समुद्र आटवला होता. तू तर नुसता बाप हलवलास. पण तुला सांगते, मी त्याला जन्म दिलाय, समुद्र सोपा आहे.

कार्यक्रमाला यायचं. घसाबिसा काही बसलेला नाही. नर्सबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांना आधी फार वाईट वाटलं, आणि मग म्हणाल्या, "थांबा हो! म्हणजे खिळ्याला उठवलं ते तिनेच?" तशाच उठल्या आणि फळा पुसायला गेल्या.

तुझी,
आजी


१९ जानेवारी

टिटवे,

पोचल्याचं पत्र मिळालं. स्वेटर इथेच विसरलीस, तो नर्सबाईंच्या भाचीबरोबर पाठवते. कोपराला विरला होता, रफू केलाय.

कार्यक्रमाचं सांगते, कारण तू डोळे मिटून उभी होतीस, तुला काहीच दिसलं नसणार. फळ्यावर "नटीचा आवाज" होतं तेव्हा मंडळातल्या आम्ही नेहमीच्या म्हाताऱ्या येणार होतो. "कुत्र्यांचे आवाज" लिहिल्यावर गल्ली लोटली. पोरं खिडकीत चढली. ग्रंथपालबाई "शांतता, शांतता" म्हणत होत्या आणि स्वतःच हसत होत्या. तू पिल्लं केलीस तेव्हा मागच्या बाकावरच्या टाइपिंगच्या मास्तरांनी पाय वर घेतले. बशीतून पाणी प्यायलीस तेव्हा कुलूपवाल्यांना तहान लागली.

मग तू म्हातारा केलास. पहिला सूर काढलास आणि थांबलीस. अगं, वाचनालयात इतकी शांतता झाली की ग्रंथपालबाईंनी इतक्या वर्षांत ऐकली नसेल. दुसरा काढलास. खिळा उठला आणि दाराशी जायचं सोडून तुझ्याकडे आला. तुझ्या पायांवर बसला. त्याला कळलं, की आत्तापर्यंत दाराबाहेर शोधत होतो ती ही. ते तुला कळलं असेल, वजन आहे त्याला.

जे तुला कळलं नाही ते हे. तुझा बाप दाराशीच उभा होता. मुद्दाम. कडी धरून. मी म्हटलं, आत येऊन बस की. तर म्हणाला, "असू दे, इथेच बरा आहे."

मामाला त्याने नाही कळवलंय, ते तुझ्या आईकडून समजलं. मला सांगितलं नाही. तुला लिहिलं का? नसेलच. आपला सिनेमा तिकडच्यासारखा नाही, की शेवटी सगळे एकमेकांच्या गळ्यात पडले आणि वरून फेसाचा बर्फ पडला. तुझा बाप अजून म्हणतो, हे काही काम म्हणायचं का? आणि लगेच विचारतो, पुढचा कधी आहे. तू कोकराचं काम मिळालंय लिहिलंस ते सांगितलं. म्हणाला, "मेंढ्यांत अभिनयाला वाव कमी." जसा काही जन्मभर मेंढ्याच राखत होता.

काल दुपारी मात्र गंमत झाली. मी आत घड्या घालत होते. कुलूपवाले खिळ्याला माझ्याकडे ठेवून कुणाचं तरी कुलूप उघडायला गेले होते. तुझा बाप आला, मला हाक न मारता दाराबाहेरच थांबला. मला आधी वाटलं, चप्पल काढतोय. मग यंत्र कुरकुरलं, वाटलं सेल संपला. दुसऱ्यांदा कुरकुरलं तेव्हा कळलं. माझा एवढा मोठा लिफ्टवाला मुलगा, पिकल्या मिशांचा, बंद दाराला नाक लावून सूर काढत होता. एकदा काढला, थांबला, पुन्हा काढला.

खिळा पडला होता तसाच पडला. एक कान हलवला, तोही माशी बसली म्हणून.

शेवटी मीच उठून दार उघडलं. तो लाल झाला. माझ्याकडे बघितलं, माझ्यामागे झोपलेल्या खिळ्याकडे बघितलं, आणि चपला काढता काढता म्हणाला,

"अवघड आहे गं, आई."

तुझी,
आजी